पैलवानाच्या पोटी पैलवानच?

दोस्तांनो, चैत्र लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीची मोठी यात्रा तर असतेच, पण लहान लहान गावांतही पाळणे येतात, रेवड्या-बत्ताशांची दुकानं लागतात आणि बऱ्याच ठिकाणी शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरतो. ऊन कललं की हलगी कडाडायला लागते. आधी तुमच्याएवढ्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि दिवस मावळता मावळता मोठ्या इनामाची कुस्ती!

फडावर एक निवेदक असतो. फेटा बांधलेला, हातात माईक, आवाज खणखणीत. जोड लागली की तो पैलवानाची ओळख करून देतो. ती कशी, ते पुढच्या खेपेला नीट ऐका. तो म्हणतो, "हा अमक्या वस्तादांचा नातू बरं का! याच्या आजोबांनी याच मातीत भल्याभल्यांना आसमान दाखवलं. याचे वडील तालुक्याला गाजलेले पैलवान!" लोक टाळ्या वाजवतात. जुनी माणसं माना डोलावतात.

मग एखादं पोरगं असं येतं की त्याच्याबद्दल निवेदकाला सांगण्यासारखं काहीच नसतं. आजोबा पैलवान नाहीत, वडील नाहीत, चुलता नाही. तो एवढंच म्हणतो, "आणि समोर आहे आपल्या शेजारच्या गावचा मल्ल." बस्स! संपली ओळख.

आजचा लेख या दोन पोरांबद्दल आहे. काही घरांत तीन-तीन पिढ्या पैलवान निघतात आणि काही घरांत एकही नाही, असं का होतं? पैलवानकी रक्तातच असते का? की याचं उत्तर दुसरीकडेच कुठंतरी आहे?

एका घरात तीन केसरी

नळदुर्गहून सोलापूरकडे एस.टी.नं निघालात की हैदराबाद रस्त्यावर बोरामणी नावाचं गाव लागतं. दक्षिण सोलापूर तालुका, म्हणजे आपल्या तुळजापूर तालुक्याचा शेजारीच. या गावातल्या एका शेख घराण्यानं जे केलं ते महाराष्ट्राच्या कुस्तीत आजही आदरानं सांगितलं जातं.

'महाराष्ट्र केसरी' हा किताब तुम्हाला ठाऊकच आहे. १९६१ साली पहिला किताब दिनकर दह्यारी यांनी जिंकला. मातीवरच्या कुस्त्यांत एक जण जिंकतो, गादीवरच्या कुस्त्यांत एक जण जिंकतो आणि शेवटी त्या दोघांची गाठ पडते. जो जिंकेल त्याच्या खांद्यावर चांदीची गदा. सगळ्या राज्यातून असा एकच निघतो.

आता बोरामणीचा हिशेब बघा. १९८० साली महाराष्ट्र केसरी झाले इस्माईल शेख. १९९२ साली झाले त्यांचे भाऊ अप्पालाल शेख. आणि २००२ साली तिसरे भाऊ, मुन्नालाल शेख! एकाच घरातले तीन भाऊ, बावीस वर्षांत तीन गदा. त्यानंतर या घरातली पुढची पिढीही लंगोट लावून आखाड्यात उतरली.

तुम्ही म्हणाल, "म्हणजे रक्तातच होती की!" थांबा, घाई करू नका. धाकट्या भावाला काय काय आयतं मिळालं ते बघा. डाव कसा टाकायचा हे घरातच दिसत होतं. पहाटे कुणी उठवायचं हा प्रश्न नव्हता. 'कुस्ती करून काय मिळणार?' असं म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं, कारण मिळालेली गदा समोर होती. कोणत्या तालमीत जायचं, कोणत्या वस्तादांचे पाय धरायचे, कोणत्या फडात पैसे बुडतात, हे सगळं थोरल्यानं ठेचा खात शोधलेलं होतं. धाकट्यांना मेहनत काही कमी करावी लागली नाही. जोर-बैठका कोणी उसन्या देत नाही! पण वाट मात्र मळलेली मिळाली.

घराण्याला लागतात चार गोष्टी

आपल्या मराठवाड्याचंच आणखी एक उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातलं पाटोदा आपल्या भूम-वाशीपासून फार लांब नाही. तिथला राहुल आवारे. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. राहुलला पहिले धडे त्यांनीच दिले. पुढं तो पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार यांच्या तालमीत गेला. हे बिराजदार मामाही मराठवाड्यातलेच, लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं होतं. २०११ साली मामा गेले. मग लातूरच्याच काका पवारांनी राहुलला घडवलं. आणि २०१८ साली, ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला, राहुलनं ५७ किलो गटात राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्यपदकही मिळवलं.

या गोष्टीत बाप आहे तसाच गुरूही आहे. मामांकडून मिळालेली विद्या रक्ताच्या नात्यातून आलेली नव्हती. म्हणजे घराणं दोन तऱ्हेचं असतं: एक जन्माचं आणि एक तालमीचं.

अशी घराणी नीट न्याहाळली की चार गोष्टी सगळीकडे दिसतात. पहिली, तालमीचं दार उघडं असणं. दुसरी, खुराक. तिसरी, शिकवणारा वस्ताद. आणि चौथी, अंगातली रग ओसरल्यावर पोट भरायला नोकरी किंवा शेतीवाडी. यातली एक जरी निसटली, तरी पुढच्या पिढीचा बाप आपल्या पोराला म्हणतो, "बाबा रे, माझं झालं ते झालं, तू मात्र शाळा शिक आणि गप नोकरी बघ." आणि घराणं तिथंच थांबतं.

खाशाबा जाधवांचं बघा ना. कराडजवळच्या गोळेश्वरचे. वडील दादासाहेब पैलवान, म्हणून कुस्ती घरातच होती. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले, त्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे कुठून आणायचे? गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे त्यांचे जुने प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले! खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता विचार करा, अंगात एवढी ताकद आणि घरात परंपरा असूनही कुणाचं तरी घर गहाण पडावं लागलं. मग ज्याच्या पाठीशी ना महाराज, ना प्राचार्य, त्या पोराचं काय?

राजाचा खुराक

जुन्या काळी खुराकाचा भार राजेरजवाडे उचलत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं. १९१२ साली ते खुलं झालं. हजारो माणसं चहूबाजूंनी बसली तरी मधला हौद सगळ्यांना दिसावा अशी त्याची रचना. महाराजांनी देशभरातल्या मल्लांना आश्रय दिला आणि कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं. त्याच कोल्हापूरचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले, आणि २००० साली त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले यांनी तीच गदा घरात आणली. बापलेकांच्या मध्ये तीस वर्षं गेली, पण तालीम तिथंच होती, दूध तापत होतं, वाट दाखवणारा घरात होता.

सगळ्यात मोठं घराणं मात्र गामा पैलवानांचं. १९१० साली लंडनला जाऊन जगाला हादरवणारा हाच तो गामा. वडील अझीझ बक्ष पैलवान होते, पण ते लवकर गेले. लहानग्या गामाला आजोळच्या पैलवानांनी वाढवलं आणि दतिया संस्थानानं आश्रय दिला. पुढं पतियाळाचे महाराज पाठीशी उभे राहिले. गामांचे धाकटे भाऊ इमाम बक्ष तसेच तगडे. इमाम बक्षांचे मुलगे भोलू, अस्लम, अक्रम, आझम, गोगा, सगळे नामांकित मल्ल! अस्लमचा मुलगा झारा हा १९७९ साली लाहोरला जपानच्या अंतोनियो इनोकीशी लढला. १९४७ नंतर हे घराणं पाकिस्तानात गेलं. संस्थानं गेली, आश्रय आटला. १९९१ साली झारा ऐन तिशीतच वारला आणि त्या घराण्याचा मोठा काळ संपल्यासारखा झाला.

पाहा, रक्त तेच होतं. आटला तो आश्रय.

आई-बाबांचे पत्ते आणि एक बंद दार

आता जरा लांब जाऊ. तुमच्या आई-बाबांना विचारा, १९९० च्या सुमारास शाळेच्या मधल्या सुट्टीत कोणते पत्ते खेळायचात? हमखास सांगतील, "डब्ल्यूडब्ल्यूएफचे!" अमेरिकेतल्या धिप्पाड पैलवानांचे फोटो, खाली उंची, वजन, क्रमांक. 'अंडरटेकर' हातात आला की पोरगं हवेत! २००२ पासून त्याच कंपनीला डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही आपल्या फडातली कुस्ती नव्हे. कोण जिंकणार, कोण हरणार हे तिथं आधी ठरलेलं असतं. तो एक खेळ-तमाशा आहे, म्हणून घरात गादीवर त्या उड्या मारायला जाऊ नका! पण उड्या खऱ्या असतात, दुखापती खऱ्या असतात आणि मिळणारा पैसाही खरा असतो. म्हणून तिथंही घराणी आहेत. पत्त्यातला ब्रेट हार्ट आठवतो का? त्याचे वडील स्टू हार्ट पैलवान आणि वस्ताद, भाऊ ओवेन पैलवान, भाची नटालिया पैलवान. रँडी ऑर्टन तर बाप आणि आजोबा यांच्यामागून आलेला तिसरा.

आता गंमत बघा. गंमत कसली, दुःखच ते. अमेरिकेत कृष्णवर्णीय लोक कितीतरी आहेत. मुष्टियुद्धात, धावण्यात, बास्केटबॉलमध्ये त्यांनी जग गाजवलं. ताकदीचं, चपळाईचं कुणालाच शिकवायला नको. पण व्यावसायिक कुस्तीत आजोबा-बाप-नात अशी कृष्णवर्णीय घराणी शोधायला गेलं तर बोटं मोजायलाही कमी पडत नाहीत, इतकी ती थोडी. का बरं?

त्यांच्यात पैलवान नव्हते असं म्हणाल तर तसंही नाही. गुलामगिरीत जन्मलेला वायरो स्मॉल नावाचा मल्ल १८७०-८० च्या काळातच अमेरिकेत कुस्त्या मारत होता. पण पुढं कित्येक वर्षं अनेक ठिकाणी गोऱ्यांची कुस्ती गोऱ्याशी आणि काळ्यांची काळ्याशी असा रिवाज होता. काळ्यांसाठी किताबसुद्धा वेगळे! मोठी गर्दी, मोठं इनाम, मोठा पट्टा यांच्यापाशी त्यांना पोचूच देत नसत. बोबो ब्राझीलसारख्या मल्लांनी ती भिंत धक्के देऊन देऊन खिळखिळी केली. १९८३ साली रॉकी जॉन्सन आणि टोनी अॅटलस हे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या जोडीच्या किताबाचे पहिले कृष्णवर्णीय मानकरी झाले. रॉन सिमन्स यांनी डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या मोठ्या कंपनीचा जागतिक किताब मिळवला तो २ ऑगस्ट १९९२ रोजी. म्हणजे आपल्या शेजारी बोरामणीत दुसरी गदा आली, त्याच वर्षी!

आता साधं गणित करा. ज्याच्या आजोबांना दारातच अडवलं, त्याला आजोबांचा वारसा मिळणार कुठून? घराणं म्हणजे झाडासारखं. ज्याला बी पेरूच दिलं नाही, त्याच्या अंगणात 'सावली का नाही?' असं विचारायचं नसतं.

पण दार एकदा किलकिलं झालं की काय होतं, तेही बघा. रॉकी जॉन्सन हा कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातला. त्याचे वडील काही पैलवान नव्हते. तो ट्रक चालवून सराव करायचा. म्हणजे निवेदकाकडे ज्याच्याबद्दल सांगायला काही नव्हतं, तोच हा मुलगा! त्याचा मुलगा ड्वेन जॉन्सन, म्हणजे तुमचा 'द रॉक'. ड्वेनच्या आईचे वडील पीटर मायविया सामोआचे नामांकित पैलवान, तेव्हा आजोळकडून वारसा होताच. आणि 'द रॉक'ची मुलगी सिमोन २०२२ साली त्याच कंपनीच्या पडद्यावर आली. एकानं दार ढकललं आणि तिसरी पिढी आत पोचली.

परंड्याचा किल्ला आणि हल्याळच्या मुली

'हे सगळं सातासमुद्रापार, आपल्याला काय त्याचं?' असं वाटत असेल तर परंड्याचा किल्ला आठवा. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाही काही काळ याच परंड्यातून चालली. ती सावरून धरणारा सेनापती होता मलिक अंबर. हा मूळचा आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनला आला आणि आपल्या कर्तबगारीवर राज्याचा आधारस्तंभ झाला. आफ्रिकेतून आलेल्या अशा माणसांना आपल्याकडे हबशी किंवा सिद्दी म्हणत.

आजही कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी समाज राहतो. हल्याळमध्ये मराठी बोलणारी माणसंही पुष्कळ, आणि कुस्तीचा नाद तर फारच! १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलं-मुली निवडली आणि त्यांना वसतिगृहात ठेवून खेळाचं शिक्षण दिलं. काही जण राष्ट्रीय स्पर्धांत चमकलेसुद्धा. पण काही वर्षांतच ती योजना बंद पडली. पोरं गावी परतली, पुष्कळ जण मोलमजुरीला लागले. ती योजना वीस-पंचवीस वर्षं चालली असती तर त्यांच्या मुलांना शिकवायला घरातच वस्ताद असते! अलीकडे हल्याळच्या क्रीडा वसतिगृहातल्या सिद्दी मुली कुस्तीत राष्ट्रीय पातळीवर पदकं आणू लागल्या आहेत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा पहिली पिढी.

आणि आपल्या गावगाड्याचं काय? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी. जिथं पाण्याची ही कथा, तिथं अंगाला अंग भिडवायच्या खेळात सगळ्यांना सारखा मान कुठून असणार? तेव्हा एखाद्या वस्तीत पैलवानांची घराणी दिसत नाहीत म्हणून 'त्यांच्यात ते नाहीच' असं कुणी म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारा, "दार कधी उघडलं, ते सांगा की!"

आईकडून डाव शिकलेली पैलवान कुठंय?

मुलींनो, आता तुमच्यासाठी एक प्रश्न. 'माझे वडील पैलवान होते' म्हणणाऱ्या कुस्तीपटू मुली तुम्हाला सापडतील. गीता, बबिता फोगट यांना वडील महावीरसिंगांनी शिकवलं. २०१६ साली रिओला ऑलिंपिक कांस्यपदक जिंकणाऱ्या साक्षी मलिकचे आजोबा पैलवान होते. पण 'मला माझ्या आजीनं ढाक शिकवली' असं म्हणणारी कुणी ऐकलीय?

नाही ना? कारण आजीला हौदातच उतरू दिलं नव्हतं. १९४०-५० च्या काळात अलीगढची हमीदा बानू पुरुष मल्लांना आव्हान देत फिरायची. पुण्यात तिची एका मल्लाशी ठरलेली कुस्ती विरोधामुळं रद्द करावी लागली. ताकद होती, हिंमत होती, पण तिच्यामागून चालणारी दुसरी मुलगी येऊ शकली नाही. ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आली ती २००४ साली. आणि पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली. सांगली जिल्ह्यातल्याच तुंगची प्रतीक्षा बागडी ती जिंकली. पुरुषांच्या पहिल्या किताबानंतर तब्बल बासष्ट वर्षांनी!

म्हणजे हिशेब लावा. आज ज्या मुली तालमीत जात आहेत, त्यांच्या मुलींना आणखी वीस-पंचवीस वर्षांनी म्हणता येईल, "माझी आई पैलवान होती." ते घराणं आज, आत्ता, सुरू होतंय. कदाचित तुमच्याच वर्गातून.

वहीत मांडा एक गणित

आता एक गणित आई-बाबांबरोबर बसून सोडवा. उमेदीच्या पोराला रोजचा साधा खुराक धरू. भाव तुमच्या गावात थोडे वर-खाली होतील.

दूध २ लिटर, ६० रुपयांनी: १२० रुपये.
बदाम १०० ग्रॅम, ८०० रुपये किलोनं: ८० रुपये.
तूप ५० ग्रॅम, ६०० रुपये किलोनं: ३० रुपये.
अंडी ४, सात रुपयांनी: २८ रुपये.
केळी वगैरे: २० रुपये.

झाले रोजचे २७८. महिन्याचे ८,३४०. वर्षाचे एक लाखाच्या वर! आणि पैलवान काही एका वर्षात तयार होत नाही, आठ-दहा वर्षं जातात. ज्या घरातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ज्या शेतात दोन वर्षांआड दुष्काळ, त्या घरानं हा लाख आणायचा कुठून? आपल्या जिल्ह्यात ताकदीची पोरं कमी नाहीत. बैलजोडीगत राबणारी आहेत. कमी पडतो तो हा लाख.

हा लाख एकट्या बापानं भरायचा ठरवला, तर घराणी मूठभरच राहणार. पण तो गावानं वाटून घेतला तर? खाशाबांसाठी गोळेश्वरनं काढलीच होती ना वर्गणी? यात्रेच्या इनामातला थोडा भाग तालमीतल्या पोरांच्या दुधाला ठेवला, गावच्या बंद पडलेल्या तालमीला कुलपाऐवजी वस्ताद मिळाला, तर निवेदकाला सांगायला पुष्कळ नवी नावं मिळतील.

पालकांनाही दोन शब्द. घरात परंपरा नाही म्हणून लेकराला मागं ओढू नका. आणि परंपरा आहे म्हणून पुढंही ढकलू नका. पैलवानाच्या पोराला चित्रकार व्हायचं असेल तर होऊ द्यावं. पैलवानकी करणाऱ्यानं शाळा सोडू नये. ताकद वाढवण्याच्या इंजेक्शनांच्या वाऱ्याला तर उभंच राहू देऊ नये. गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही, शिकलेलं मात्र बरोबर राहतं.

परत फडावर

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवच्या श्री तुळजाभवानी स्टेडियमवर महाराष्ट्र केसरीचा फड भरला होता. अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवलं. तुमच्यापैकी काही जण बाबांच्या खांद्यावर बसून ती बघायला गेलेही असतील. तिथं टाळ्या वाजवणाऱ्या हजारो माणसांत किती तरी पोरं अशी होती, की ज्यांच्या घरात कुणी कधी लंगोट लावला नव्हता.

म्हणून पुढच्या यात्रेत एक काम करा. निवेदक ज्याच्याबद्दल 'शेजारच्या गावचा मल्ल' यापलीकडे काही सांगू शकत नाही, तो पोरगा शड्डू ठोकून हौदात उतरला, की टाळी जरा जास्त जोरात वाजवा. हरला तरी वाजवा. एखाद्या वस्तादाचा नातू मळलेल्या वाटेनं येतो, त्याचं कौतुक आहेच. पण या पोरानं ती वाट आज पहिल्यांदा तुडवलीय.

आणखी पन्नास वर्षांनी याच फडात, याच हलगीच्या तालावर, दुसरा कुणी निवेदक माईक हातात घेऊन म्हणेल, "हा त्यांचा नातू बरं का!"